काजूची कोवळी बी गळतेय? आधी सांधा बघा

झाडाखाली चिमलेल्या कोवळ्या बिया पडल्या की आपण ‘उन्हानं गळल्या’ म्हणून पुढं जातो. या फेब्रुवारी-मार्चात तसं करू नका. पाच-दहा बिया उचला आणि बोंडू (काजूचं फळ) व बी जिथं जुळतात तो सांधा नीट बघा. तिथं बारीक भोक, भोकाशी भुशासारखी विष्ठा आणि धाग्यांची जाळी दिसली, तर दोष उन्हाचा नाही. बी चिरा. आत गुलाबीसर अळी असेल आणि गराच्या जागी नुसती घाण. (चिरताना हाताला खोबरेल लावा, चीक भाजतो.)

ढेकण्या या दुसऱ्या किडीशी या अळीची गल्लत फार होते. ढेकण्या बाहेरून रस शोषतो. बीवर काळे डाग पडतात, बी सुकते, पण भोक नसतं.

ही अळी थायलोकोप्टिला पॉरोसेमा या लहानशा पतंगाची. बोंडू आणि बी दोन्ही पोखरते, आणि पोट भरलं की मातीत उतरून कोष करते. म्हणजे गळलेली बी झाडाखाली राहिली तर पुढची पिढी तिथंच तयार होते. माझ्या मते मुख्य इलाज या एका गोष्टीत आहे: किडकी बी आणि बोंडू रोज वेचा. बिया वेचायला माणसं जातातच, त्यांच्या हाती एक वेगळी बादली द्या. वेचलेलं शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. जाळूही नका, टरफलातल्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट. पिंपात पाणी भरून त्यात चार-पाच दिवस पूर्ण बुडवून ठेवा.

अळी एकदा आत शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन वेळच्या फवारण्यांपैकी फळधारणेची चुकवू नका: 10 लिटर पाण्यात लॅम्बडा सायहॅलोथ्रीन 5 टक्के प्रवाही, 6 मिली. फवारणी संध्याकाळी करा, सकाळी मोहोरावर मधमाश्या असतात. शंका असली तर भोक पडलेल्या बिया पिशवीत घालून सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहाय्यक) किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात दाखवा.

ओल्या काजूगरासाठी बिया काढायच्या असतील, तर ती झाडं आधीच खूण करून ठेवा आणि त्यांच्यावर ही फवारणी करू नका. तिथं फक्त बादली.