जुडी आणली, कृती राहिली : रानभाज्यांच्या बाबतीत या चुका टाळा

मे महिना सरत आला की दादरच्या मंडईजवळ, बोरिवली-भांडुपच्या स्टेशनांबाहेर फूटपाथवर गोणपाटं अंथरली जातात. आधी शेवळं येतात. मग टाकळा, फोडशी, कवळा, भारंगी, कुर्डू, आणि जरा मागाहून कंटोळी. घेणारे वाढलेत, त्याचा आनंदच आहे. पण निम्मं गिऱ्हाईक जुडी पिशवीत टाकतं, पैसे देतं आणि लोकल पकडतं. कृती घरी जाऊन मोबाइलवर शोधायची! इथेच पहिला घोटाळा होतो. रानभाजीचा कुठला भाग घ्यायचा, कधी घ्यायचा, कशासोबत आणि किती वेळ शिजवायचा हे सगळं जुळलं तरच ती भाजी. एखादं सुटलं तर कडू पाला, नाहीतर घशाला काटे. समोर बसलेल्या मावशींना हे सगळं ठाऊक असतं आणि विचारलं तर त्या आनंदाने सांगतात. फक्त सकाळी लवकर जा, संध्याकाळच्या गर्दीत त्यांनाही सवड नसते.

शेवळं घेतली, काकडं घेतली नाहीत

सगळ्यात जास्त तक्रारी शेवळाच्याच. "भाजी चविष्ट होती, पण तासभर घसा खवखवत होता." शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीतल्या रानकंदाचा फुलोरा. या कुळातल्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात. अळू खाजतं तेही याच कारणाने. हे स्फटिक पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून शेवळं नुसती धुऊन किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून काम भागत नाही.

जुन्या बायका शेवळांसोबत काकडं घेतल्याशिवाय उठत नाहीत. काकडं म्हणजे काकड झाडाची हिरवी, आंबट फळं, शेवळांच्याच मोसमात येणारी. ती ठेचून, उकडून, पिळून आंबट पाणी काढायचं आणि शेवळं त्यात शिजवायची. काकडं मिळालीच नाहीत तर चिंचेचा दाट कोळ किंवा आमसुलं वापरा, पण हात आखडू नका. चमचाभर चिंचेने काही होत नाही.

साफ करतानाही लोक फसतात. हाताला तेल लावा. बाहेरची पानं सोलून काढा. आतल्या दांड्यावर पिवळसर, दाणेदार भाग असतो तो काढून टाका; खाज तिथे जास्त असते. उरलेलं अगदी बारीक चिरा, सढळ तेलात चांगलं परता, मग आंबट पाणी घालून मंद आचेवर शिजू द्या. सीकेपी घरांत यात सोडे किंवा खिमा पडतो आणि तो प्रकार खरोखर मेहनतीला पुरून उरतो. शिजली की नाही हे बघायला अर्धकच्चं तोंडात टाकायचा मोह मात्र आवरा.

पूर्ण शिजल्यावरही किंचित खवखवलं तर भाजी टाकून द्यायची गरज नाही. आणखी आंबट घाला, पुन्हा उकळी आणा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. खाणाऱ्याच्या घशाला लागलंच असेल तर चूळ भरून थंड दूध किंवा दही द्या. ओठ-जीभ सुजली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर घरगुती उपाय बंद, थेट दवाखाना.

टाकळा उशिरा आणणं, आणि मिटलेला टाकून देणं

टाकळा पहिल्या पावसानंतरचे थोडेच आठवडे खाण्याजोगा असतो. कोवळे शेंडे आणि वरची पानं एवढंच घ्यायचं. पिवळी फुलं दिसायला लागली की तो आपला राहिला नाही. गणपतीत आणून "कडू कसा लागला?" असं विचारण्यात अर्थ नाही.

उलट चूकही पाहिली आहे. ऑफिस सुटल्यावर घेतलेल्या जुडीची पानं मिटलेली दिसतात आणि शिळी म्हणून परत केली जाते. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, तो त्याचा स्वभाव. कवळा तर हात लावला तरी मिटतो. शिळेपणा पाहायचा तर देठ बघा. काळवंडलेला, बुळबुळीत देठ असेल तर नको.

फोटोवरून ओळख पटवणं

स्वतः खुडणाऱ्यांसाठी ही सगळ्यात महागातली चूक. फोटो एका वेळचा, एका वाढीचा असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला झाडाचं रूप बदलतं. निदान या तीन जोड्या डोळ्यांखालून जाऊ द्या.

टाकळा आणि कासविंदा. टाकळ्याच्या एका देठावर साधारण पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांचं टोक गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त, टोकं निमुळती. वासावर जाऊ नका, चुरगळल्यावर दोघंही उग्रच. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावली आहेत.

घोळ आणि दुधी (भोपळा नव्हे, जमिनीलगत पसरणारं तण). घोळीची पानं जाड, रसदार, चव आंबूस. काडी मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही.

तिसरी जोडी फोडशीची. गवतासारखी पानं आणि बुडाशी पांढरेपणा, एवढ्या खुणांवर लोक कुठलाही कोंब उपटतात. पावसाच्या सुरुवातीला कोलकांदाही पानं काढतो. तो विषारी, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारा. खाली कांद्यासारखा गड्डा लागला तर सोडून द्या. फोडशीला गड्डा नसतो. पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असेल तर ती कळलावी, तिच्या तर वाटेलाही जाऊ नका. जाता जाता, फोडशीच्याच गोतातल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात 'बोरिविलियानम' आहे, ते आपल्या बोरिवलीवरून. तिथल्या जंगलात आज मात्र ती उपटायची नाही. का, ते खाली.

जागा न बघता खुडणं

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आत जाऊन भाजी खुडणं, कोंब तोडणं, करवंदं भरून आणणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली बसत नाही. "खाली पडलेलीच तर घेतली" ही सबबही टिकत नाही. कान्हेरीच्या वाटेवर पिशवी घेऊन फिरणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगते. खुडायची हौस असेल तर पालघर, मुरबाड, कर्जतकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर त्याला विचारून जा, आणि शक्यतो त्याच्या घरातल्या कुणाला तरी सोबत घ्या.

शहरातली हिरवळ तर आणखी फसवी. काटेमाठ आणि घोळ नाल्याकाठी, उकिरड्याशेजारी, रुळांलगत झकास माजतात, कारण तिथे खत भरपूर. ते खत कसलं ते तुम्हीच ओळखा. माती आणि सांडपाण्यातून पानांत शिरलेले शिसे-कॅडमियमसारखे जड धातू मिठाच्या पाण्याने निघत नाहीत, उकळूनही नाही. चकचकीत पाला बघून भुलू नका.

आणि तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी चालत भाजी खुडणं हे लेप्टोला (लेप्टोस्पायरोसिस या तापाला) आमंत्रण. उंदरांच्या मुतातले जंतू पायावरच्या छोट्या जखमेतून आत जातात. चिखलातून आलात तर पाय साबणाने धुवा. जखम असेल तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांना विचारा.

फळं

इथे मोठ्यांपेक्षा मुलं जास्त फसतात. करवंद, जांभूळ, तोरण, विलायती चिंच हे ठीक. करवंदाचा चीक हाताला चिकटतो, त्याला थोडं तेल पुरतं. पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी अर्धवट खाल्लेलं फळ "तेवढा भाग कापून" खाऊ नका.

मुलांना ओळखून दाखवायचं झाड एकच असेल तर ते मोगली एरंड. कुंपणाला लावलेलं असतं, बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, आणि एकाने खाल्ल्या की सगळी टोळी खाते. मग उलट्या, जुलाब, पोटात मुरडा. गुंजेच्या लाल-काळ्या बिया आणि घाणेरीची हिरवी फळंही याच यादीत.

अळंबी

स्वतः खुडू नका. वारुळावरची अळंबी पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या, ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. सोसायटीच्या लॉनवर पावसानंतर उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्यांत विषारी प्रकार सर्रास असतात. चांदीचा चमचा किंवा लसूण काळा पडतो का ही परीक्षा बिनकामाची आहे. सर्वांत घातक विष शिजवून जात नाही आणि त्याची लक्षणं सहा-बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा दिसतात. तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं.

कढईत बिघडलं तर

भारंगी कडूच असते. कडवटपणा आवडत नसेल तर पानं उकडून ते पाणी टाकून द्या, घट्ट पिळा, मग भिजवलेले वाल आणि ओलं खोबरं घालून परता. तरीही कडू लागली तर पानं जून होती, पुढच्या वेळी कोवळी बघून घ्या.

भाजी खारट झाली? पालेभाजी आळते, कढईभर पाल्याची वाटीभर होते. मीठ शेवटी. आता झालीच असेल तर भिजवलेली मूगडाळ वेगळी वाफवून मिसळा.

फोडशी दाताखाली कचकचते ती पानांच्या बुडात अडकलेल्या मातीमुळे. पानं सुटी केल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही. मधला टणक दांडा काढा, पानं सुटी करा, दोन-तीन पाण्यांतून काढा आणि मग चिरा.

बांबूचे कोंब कच्चे किंवा घाईत शिजवलेले खाऊ नका. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. पातळ चकत्या करून रात्रभर पाण्यात ठेवा, पाणी बदला, झाकण न ठेवता उकळा, ते पाणीही फेका. शिट्ट्या मोजून कुकरमध्ये करण्याची ही भाजी नाही.

मुतखडा झालेल्यांनी अळू, घोळ, आंबुशी यांचा उत्साह आवरावा. आणि कुठलीही नवी रानभाजी घरात पहिल्यांदा होते तेव्हा ती एकच ठेवा, वाटीभरच खा. चार नव्या भाज्या एका ताटात वाढल्या तर पोट कशाने बिघडलं हे कळायला मार्ग उरत नाही.

त्रास झालाच तर

मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि काय खाल्लं, किती वाजता खाल्लं ते सांगा. डॉक्टरांपुढे नुसती शिजलेली भाजी नेऊन भागत नाही, त्यावरून झाड ओळखणं कठीण असतं. म्हणून नवी भाजी करताना मूळ, पान, फूल जे असेल त्यासह एक कच्ची काडी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. दोन दिवसांनी टाकून दिली तरी चालेल.