मुलांसाठी घरचं गारेगार: साखरेचं माप आणि कांडीचं तंत्र

घरच्या आइसकांडीच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. एक तर ती इतकी टणक होते की दात रुतत नाही. नाहीतर चार वेळा चोखली की रंग आणि चव निघून जाते, आणि मुलाच्या हातात काडीला चिकटलेला पांढरा बर्फ उरतो. पाककृती बदलून यातलं काही सुटत नाही. साखरेचं प्रमाण आणि गोठण्याचा वेग या दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

सरबत गोठताना आधी निव्वळ पाण्याचे स्फटिक तयार होतात. साखर, रंग, आंबटपणा हे सगळं उरलेल्या पाण्यात लोटलं जातं आणि दाट पाक होऊन स्फटिकांच्या फटींत बसतं. कांडी चोखली की हा पाक ओढला जातो, बर्फ मागे राहतो. गोठणं जितकं सावकाश तितके स्फटिक मोठे, आणि फटीही मोठ्या. म्हणून मिश्रण कोमट असताना फ्रीजरमध्ये ढकलू नये. आधी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात दोन तास गार करावं, मग साच्यात ओतावं.

साखर एकूण मिश्रणाच्या वजनाच्या १४ ते १७ टक्के धरा. दहा टक्क्यांच्या खाली गेलात तर कांडी टणक होणार. पंचविशीकडे गेलात तर घरच्या फ्रीजरमध्ये ती नीट धरत नाही, साच्यातून ओढताना नुसती काडी हातात येते. फळातली साखरही या हिशेबात येते. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, त्यामुळे ओतण्यापूर्वी मिश्रण पिण्याच्या सरबतापेक्षा जरा जास्त गोड लागलं तर ते बरोबर आहे. साखरेऐवजी स्टीव्हिया घालणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं: त्याने गोडी येते, मऊपणा येत नाही. साखर कमीच करायची असेल तर पिकलेलं केळं, चिकू किंवा आंब्याचा गर वाढवा.

साचे आणि काड्या

प्लास्टिकचे तयार साचे साधारण ६० ते ८० मिलिलिटरचे असतात. ते नसतील तर स्टीलची लहान फुलपात्रं किंवा कागदी पेले चालतात. वर थोडं निमुळतं तोंड असलेल्या भांड्यातून कांडी निघत नाही. भांडं तोंडाशी रुंद आणि तळाशी अरुंद हवं. कुल्फीचे अॅल्युमिनियमचे साचे दुधाच्या मिश्रणासाठी ठीक, पण कोकम, पन्हं, लिंबू असलं आंबट काही त्यात घालू नका. आंबट रस धातूला लागतो आणि चव बिघडते. त्यासाठी स्टील किंवा प्लास्टिकच.

पाणी बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगतं. साचा काठोकाठ भरला तर मिश्रण वर येऊन झाकण चिकटतं, म्हणून वरची अर्धा ते एक सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा.

काड्या खाद्यपदार्थांसाठीच्या, साध्या लाकडाच्या घ्या. हस्तकलेच्या रंगीत काड्यांचा रंग आंबट रसात उतरतो. कोरडी काडी पातळ सरबतात तरंगते आणि तिरकी होते. ती दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवा आणि मिश्रण अर्धवट गोठल्यावर रोवा. लहान साच्यात ही वेळ पाऊण ते एक तासाने येते, कुल्फीला दीड तास लागू शकतो. बोटाने दाबून पाहिलं तर वर पातळ बर्फाची साय असते आणि खाली ओल्या साखरेसारखा रवाळ गोळा लागतो. तेव्हा काडी सरळ उभी राहते. एवढा वेळ लक्ष ठेवणं जमणार नसेल तर साच्याच्या तोंडावर फॉइल घट्ट ताणून बसवा, मधोमध सुरीने बारीक चीर द्या आणि काडी त्यातून खाली घाला.

कोकमाची कांडी

ही पाण्याची कांडी असल्यामुळे साखरेची चूक हिच्यात लगेच उघडी पडते. दहा-बारा आमसुलं ४०० मिलिलिटर कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करा आणि गाळून घ्या. वेगळ्या पातेल्यात १०० मिलिलिटर पाण्यात ८५ ग्रॅम साखर आणि दोन लहान चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या न ठेवता कालवा. मंद आचेवर ढवळत शिजवा. मिश्रण पारदर्शक झालं की दोन मिनिटांनी उतरवा. निवल्यावर त्यात कोकमाचं पाणी, चिमूटभर जिरेपूड आणि चवीपुरतं काळं मीठ घाला. साठ मिलिलिटरच्या साच्यात आठ-नऊ कांड्या होतात.

कॉर्नफ्लोअरमुळे पाक थोडा धरून राहतो, चोखताना एकदम सुटत नाही. तो कोकमाच्या पाण्यातच उकळला तर आंबटपणामुळे त्याचा दाटपणा मोडतो, म्हणून वेगळा शिजवायचा. आमसुलं बहुधा खारवलेली असतात. आधी रस चाखा, मगच मीठ. बाटलीतलं आगळ वापरणार असाल तर ते त्याहून खारट असतं, तिथे वरून मीठ अजिबात नको. अमृत कोकमात मात्र साखर आधीच भरपूर असते, ते फक्त पाणी घालून पातळ करायचं.

पन्ह्याची कांडी याच अंगाने करता येते: उकडलेल्या कैरीचा १५० ग्रॅम गर, १०० ग्रॅम चिरलेला गूळ, ४०० मिलिलिटर पाणी, वेलची, मीठ. गरामुळे कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही.

आंब्याची

हापूसचा ४०० ग्रॅम रस, १०० मिलिलिटर पाणी, २५ ते ३० ग्रॅम साखर, एक लहान चमचा लिंबाचा रस. आंबा मुळातच गोड असल्यामुळे साखर एवढीच पुरते. पायरी किंवा गावठी रेषाळ आंबा असेल तर रस चाळणीतून काढा, नाहीतर मुलं रेषा तोंडातून ओढत बसतात. डब्यातला तयार रस बहुतेक वेळा साखर घातलेला असतो. डब्यावरचा मजकूर वाचा आणि तसं असेल तर वेगळी साखर घालू नका.

कुल्फी

मुलांना देण्यासारखा सगळ्यांत भरीव प्रकार हाच, आणि यात उतावळेपणा चालत नाही. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर अर्धा लिटर होईपर्यंत आटवा. साधारण पाऊण तास लागतो. दूध ओतल्याबरोबर त्यात लाकडी उलथनं उभं धरून पातळीची खूण पाहून ठेवली की नंतर अंदाज चुकत नाही. कडेला जमणारी साय सतत खरवडून आत घ्यायची. आटवताना दुधातलं पाणीच उडत असतं. ते जितकं राहील तितका बर्फ कुल्फीत कचकचणार, कारण कुल्फी आइस्क्रीमसारखी घुसळली जात नाही आणि तिच्यात हवा भरत नाही.

साखर ६५ ग्रॅम, तीही आटून झाल्यावर. आधी घातली तर दूध बुडाला लागतं. मग पाव चमचा वेलची, केशर, आणि बदाम-पिस्त्यांची दोन मोठे चमचे पूड. घाई असेल तर दूध ६०० मिलिलिटरवर उतरवून गार दुधात कालवलेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लावा आणि दोन-तीन मिनिटं शिजवा. चव थोडी पिठूळ होते, पण खडे येत नाहीत. आंबा कुल्फी करायची तर रस दूध पूर्ण गार झाल्यावरच घाला. गरम दुधात तो पडला की दूध फाटतं. ताजा अननस गार दुधातही चालत नाही, थोड्या वेळात कडवट चव येते. तो साखरेत शिजवून, निववून घाला.

फ्रीजर कमजोर असेल तर

वेगळ्या दाराचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, तिथे सहा-आठ तासांत काम होतं. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा बराच कमी गार असतो. तिथे साखर १४ टक्क्यांच्या वर नेऊ नका, बटण सर्वांत गारवर ठेवा, साचे थेट पत्र्याला टेकवा आणि रात्रभर दार उघडू नका. कप्प्यावर जाड हिम जमलं असेल तर आधी ते वितळवा. त्या थराने गारवा अडतो.

वीज जाणाऱ्या गावात कुल्फीवाल्यांची पद्धत अजूनही उपयोगी आहे. बादलीत तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ थरांनी भरा आणि झाकणबंद साचे त्यात गळ्यापर्यंत पुरा. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची उष्णता ओढतो, त्यामुळे तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. झाकण सैल असेल तर खारं पाणी आत शिरून सगळी कुल्फी वाया जाते, म्हणून झाकणाच्या कडेला कणीक लावून ती बंद करा.

मुलांच्या हातात देण्यापूर्वी

गोठवल्याने जंतू मरत नाहीत, ते तसेच टिकून राहतात. म्हणून पाणी उकळून गार केलेलं आणि फळं धुतलेली हवीत. वितळलेली दुधाची कांडी पुन्हा गोठवू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात नको, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखरही टाळलेली बरी. त्यांच्यासाठी निव्वळ फळांच्या गराची कांडी करा. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सुकामेवा पूड करूनच, द्राक्षं उभी चिरूनच. काडी तोंडात धरून पळू देऊ नका, बसून खाऊ द्या.

कांडी सोडवायला साचा नळाच्या साध्या पाण्यात धरा, स्टीलचा दहा-पंधरा सेकंद, प्लास्टिकचा अर्धा मिनिट. गरम पाण्याने वरचा थर वितळतो आणि आकार जातो. काडी ओढण्याआधी थोडी फिरवून पाहा. फिरली की निघेल. फ्रीजरमधून काढलेली कांडी ओठाला चिकटते, म्हणून मिनिटभर थांबून मगच द्या. उरलेल्या कांड्या बटर पेपरात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुधाच्या कुल्फीला मासळीचा किंवा कांद्याचा वास पटकन लागतो. दोन आठवड्यांत संपवा, त्यानंतर वरून हिमाचे कण धरतात.