आवर्तसारणी: पाठांतर सोडलं तेव्हा कुठे जमली

पहिली वीस मूलद्रव्यं मी एका दमात म्हणायचे. हायड्रोजन, हेलिअम, लिथिअम... थेट कॅल्शिअमपर्यंत. मग एकदा बाईंनी विचारलं, "सोडिअमच्या वरच्या घरात कोण?" मी मनातल्या मनात पुन्हा हायड्रोजनपासून सुरुवात केली, तरी उत्तर सापडेना.

घरी येऊन जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे वीस तुकडे कापले. प्रत्येकावर नाव, अणुअंक (अणूच्या केंद्रकात प्रोटॉन किती) आणि इलेक्ट्रॉन संरूपण (केंद्रकाभोवतीच्या कोणत्या कवचात, म्हणजे थरात, किती इलेक्ट्रॉन). लिथिअम २, १. सोडिअम २, ८, १. पोटॅशिअम २, ८, ८, १. अणुअंकाच्या क्रमाने मांडत जायचं, नवं कवच सुरू झालं की खालच्या ओळीत उतरायचं आणि शेवटचा आकडा जुळणारी कार्डं एकाखाली एक ठेवायची. हे तिघे आपोआप एका रांगेत आले. तिघांच्याही बाहेरच्या कवचात एकच इलेक्ट्रॉन, म्हणून तिघेही पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढतात. खाली जावं तसा जोर वाढतो. ही उभी रांग म्हणजे गण, आडवी ओळ म्हणजे आवर्तन. हेलिअमने मात्र फसवलं. शेवटचा आकडा २, म्हणून मी ते बेरिलिअमच्या डोक्यावर बसवलं. पण त्याचं कवच भरलेलं, त्यामुळे जागा निऑनच्या वर.

(एकविसाव्या स्कँडिअमपासून ही युक्ती लंगडी पडते. सारणीत गण १८ आणि मूलद्रव्यं ११८ आहेत. सुरुवातीला वीस पुरेत.)

गुण जातात ते अणूच्या आकारात. सोडिअमकडून क्लोरीनकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणजे अणू फुगणार, असंच मी लिहून आले होते. उलट आहे. कवचं तेवढीच राहतात, पण केंद्रकातले प्रोटॉन ११ वरून १७ होतात. ओढ वाढते, अणू आक्रसतो.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणीची मांडणी केली ती अणुवस्तुमानावरून. त्याची खरी हिंमत रिकाम्या सोडलेल्या घरांत दिसते. ॲल्युमिनिअमखालच्या अज्ञात मूलद्रव्याची घनता सुमारे ६ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) असेल, असं त्याने सांगून ठेवलं. १८७५ मध्ये गॅलिअम सापडलं, घनता भरली ४.७. पुन्हा मोजा, असं त्याने कळवलं. मोजली, तर ५.९!

पण अणुवस्तुमान दगा देतं. आरगॉनचं ३९.९५, पोटॅशिअमचं ३९.१०. त्या हिशोबाने दोन कार्डं अदलाबदल करून बघा: सहसा कशाशीच संयोग न करणारा आरगॉन थेट सोडिअमखाली जाऊन बसतो. १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लेने क्ष-किरणांवरून अणुअंक पक्के केले, तेव्हा कुठे हा घोळ सुटला.