कमी बजेटमध्ये गॅस पिस्टन सेमी-ऑटो रायफल घेताना काय बघायचं (अमेरिकेतल्या मंडळींसाठी)

आधी कागदपत्रांचं बघू, कारण आपले बरेच जण तिथेच अडकतात. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर प्रश्न नाही, पण एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्याने विकत घेणं सोडाच, बंदूक जवळ बाळगणंही चालत नाही, व्हॅलिड हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरून घेतात, त्यात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, इलिनॉयवाल्यांनी स्टेटचे नियम आधी वाचा, नाहीतर नुसतंच विंडो शॉपिंग.

आता पिस्टन कशाला? साध्या एआर-१५ मध्ये बॅरलमधला गॅस नळीतून थेट मागे बोल्ट कॅरियरमध्ये (बोल्ट, म्हणजे गोळीमागे बंद होणारं झाकण, घेऊन मागेपुढे सरकणारा भाग) येतो, म्हणजे काजळी आणि उष्णता दोन्ही आत. पिस्टनवालीत गॅस पुढच्या पुढेच पिस्टनला ढकलून बाहेर पडतो आणि रिसीव्हर (हे सगळं बसतं तो मधला सांगाडा) बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. बदल्यात पुढचं वजन वाढतं.

पण म्हणून स्वस्तातली पिस्टन एआर उचलू नका, असं माझं स्पष्ट मत. ते डिझाइन मुळात पिस्टनसाठी नव्हतंच, धक्का कॅरियरला वरच्या बाजूने बसतो, मग त्याची शेपटी खाली झुकते आणि बफर ट्यूबला (कॅरियर मागे जातो ती दस्त्याकडची नळी) घासते, याला कॅरियर टिल्ट म्हणतात. चांगल्या कंपन्यांनी यावर उपाय काढलेत पण त्यांचे भाव बघून घाम फुटतो. सेकंडहँड घेत असाल तर ट्यूबच्या तोंडाशी खालून चरे पडलेत का ते टॉर्च लावून बघाच.

बजेट कमी असेल तर जन्मापासून पिस्टनवरच चालणारी घ्या. रुगर मिनी-१४ मस्त आहे पण नवीन घ्यायची तर हजार डॉलरच्या वर जाते. एके टाइपमध्ये रोमानियाची वासर-१०, दिसायला ओबडधोबड पण चालते, फक्त पुढची साइट (नेम धरायचा काटा) आणि गॅस ब्लॉक (बॅरलमधून गॅस काढून घेणारा भाग) तिरके बसलेत का ते मागून एक डोळा मिटून बघा आणि मॅगझिन लावून किती हलतंय तेही. अमेरिकन बनावटीची एके असेल तर ट्रनियन (बॅरल धरून ठेवणारा ठोकळा) आणि बोल्ट फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आहेत का विचारा, कास्ट (ओतीव) म्हणाले तर पुढे चला.

जुनी एसकेएस (सोव्हिएत डिझाइनची पिस्टनवाली रायफल) मिळाली तर माझं मत तिलाच, दहा गोळ्यांचं फिक्स मॅगझिन आहे, पण रेंजवर मजा करायला ते पुरेसं. बोल्ट काढून कानाजवळ हलवा, आत फायरिंग पिन (गोळीच्या बुडाला ठोकणारी सुई) खुळखुळ वाजली पाहिजे, आवाज नाही म्हणजे आत जुनं कॉस्मोलिन ग्रीस घट्ट बसलंय, आणि पिन पुढे अडकली तर बोल्ट बंद होताच गोळी सुटू शकते, त्यामुळे ते साफ केल्याशिवाय लोड करायचं नाही. युगोस्लाव्ह ५९/६६ मॉडेल असेल तर ग्रेनेडसाठीचा गॅस वॉल्व्ह तपासा, तिथून गॅस लीक झाला की रायफल अर्ध्यात अडते, आणि तिच्या बॅरलला आतून क्रोम नसतं.

गोळ्यांचा खर्च आधीच धरा. २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन माल आणायला नवीन परमिट देणं बंद केलं, तेव्हापासून ७.६२×३९ (एसकेएस आणि वासरची गोळी) पूर्वीसारखी स्वस्त राहिली नाही. घरात पोरं असतील तर लॉकवाल्या कपाटाचे पैसेही याच बजेटमध्ये. जुन्या सरप्लस (सैन्याच्या उरलेल्या) गोळ्या बऱ्याचदा कोरोसिव्ह असतात, म्हणजे मागे गंज आणणारं मीठ सोडतात, त्या वापरल्यात तर त्याच संध्याकाळी बॅरल, पिस्टन, गॅस ट्यूब आधी गरम पाण्याने धुवा, कोरडं करा, मग तेल लावा, नुसत्या तेलाने आतलं मीठ जात नाही.