पोर्ट उघडलं, तरी ताईला फोटो दिसेनात

जुन्या लॅपटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकून नेक्स्टक्लाउड, म्हणजे फोटो-फाइल्स ठेवायचा स्वतःचा क्लाउड, चालवतो. घरच्या वायफायवर फोटो भराभर उघडायचे. नाशिकहून ताईने लिंक दाबली की नुसतं चक्र फिरत राहायचं. तीन संध्याकाळी राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली रिक्वेस्ट घरातल्या लॅपटॉपकडे वळवायची सोय) उलटसुलट करून पाहिलं. एकदा तर फायरवॉलच बंद केली. (मूर्खपणा होता, करू नका.)

चौथ्या दिवशी राउटरच्या स्टेटस पानाकडे लक्ष गेलं. वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.७१ने सुरू होत होता आणि बाहेरच्या साइटवर माझा आयपी भलताच दिसत होता. तिथे ट्यूब पेटली. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलाय: सीजीनॅट. म्हणजे इंटरनेट कंपनीने एका सार्वजनिक आयपीमागे कितीतरी घरं बसवलेली. मी आपला फ्लॅटचं दार उघडून बसलोय आणि सोसायटीचं गेट बंद!

कंपनीने स्टॅटिक आयपीचे (कायमचा, स्वतःचा सार्वजनिक पत्ता) वेगळे पैसे सांगितले, म्हणून स्वस्तातला व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेतला आणि घरून त्याच्याकडे वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढला. आतून बाहेर जायला अडकाठी नसते. व्हीपीएसवरचा कॅडी हा वेब सर्व्हर आलेली रिक्वेस्ट बोगद्यातून लॅपटॉपकडे ढकलतो.

चाललं. दहा मिनिटांनी परत ठप्प! काही हालचाल नसली की सीजीनॅट आपली नोंद पुसून टाकतं. मग घरच्या बाजूच्या कॉन्फिगमध्ये पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंद टाकलं, म्हणजे दर २५ सेकंदांनी बोगद्यातून एक छोटी हाक जात राहते. पहिली हाक घरूनच जायला हवी ना.

रात्री ताईचा मेसेज: “उघडलं रे. पण बाळाचे फोटो आडवे का दिसतायत?”