घोट्याच्या टेंडन ट्रान्सफरपूर्वीच्या तपासण्या : तयारीची यादी

लुळे पडलेले पाऊल उचलता यावे म्हणून बहुतेक वेळा टिबिआलिस पोस्टेरियर हा घोट्याच्या आतल्या बाजूचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) पुढे वळवून पावलाच्या वरच्या अंगाला बसवतात. यालाच टेंडन ट्रान्सफर म्हणतात. जागा बदललेल्या स्नायूची ताकद ० ते ५ या मोजपट्टीवर साधारण एका श्रेणीने उतरते. म्हणून तो मुळात धडधाकट आहे का, सांधे झिजलेले नाहीत ना आणि हाडांची ठेवण सरळ आहे का, हे आधीच पाहिले जाते.

सर्वप्रथम डॉक्टरांची चिठ्ठी नीट वाचावी. एक्स-रे उभे राहून, पायावर वजन देऊन काढायचा असल्याचे तिच्यात नसेल, तर विचारून लिहून घ्यावे. गर्दीच्या वेळी रुग्णाला टेबलावर झोपवून फिल्म काढली जाते, आणि तीत खचलेली कमान किंवा कललेली टाच खरी आहे तेवढी दिसत नाही. उभे राहताना तोल जात असेल, तर तसे तंत्रज्ञाला आधी सांगावे. कपडे गुडघ्यापर्यंत सहज दुमडतील असे घालावेत. पैंजण, जोडवी आणि काळ्या दोऱ्यातले मणी घरीच काढून ठेवावेत. गरोदरपणाची शक्यता असल्यास एक्स-रे वा सीटीपूर्वी ती सांगितलीच पाहिजे.

एमआरआयबाबत एक गोष्ट हमखास निसटते. टेंडन घोट्यात दिसतो, पण त्याला ओढणारा स्नायू पोटरीत असतो. नुसत्या घोट्याच्या एमआरआयमध्ये त्याचा बराचसा भाग येतच नाही आणि तिथे चरबी भरून स्नायू कमकुवत झाला आहे का, हे कळत नाही. त्यामुळे पोटरीचाही एमआरआय हवा का, हे अपॉइंटमेंट घेण्यापूर्वीच विचारावे. पेसमेकर किंवा जुन्या ऑपरेशनच्या प्लेट-स्क्रूची माहिती द्यावी. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ग्राइंडिंग केलेल्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तेही सांगावे. एरवी किरकोळ वाटणारी ही बाब इथे डोळ्यावर बेतू शकते.

सोनोग्राफीला विशेष तयारी लागत नाही. पाऊल हलवायला सांगून टेंडन सरकतो का, ते पाहतात.

सुरगाणा-पेठसारख्या दूरच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी सगळ्या तपासण्या शक्यतो एकाच दिवशी ठरवाव्यात, आणि परतण्यापूर्वी रिपोर्टसोबत मूळ प्रतिमांची सीडी मागून घ्यावी. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून सर्जनला मोजमाप घेता येत नाही.