शिफ्ट इन्चार्ज झालात? आधी गप्प पडलेल्या पेशंटकडे जा

वॉर्डात नर्सला पहिल्यांदा शिफ्टची इन्चार्ज केलं की वाटतं आता काय, टेबलावर बसायचं, फोन घ्यायचे, रजिस्टर भरायचं आणि बाकीच्यांना कामं सांगायची. तसलं काही करू नका. ओव्हर, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती, घेऊन झाली की आधी सगळ्या बेडवरून एक चक्कर मारा, दहाच मिनिटं, आणि फक्त बघा: श्वास कसा चाललाय, चेहऱ्याचा रंग कसाय, हाक मारली तर नीट उत्तर देतोय का, सलाईनचा हात सुजलाय का, लघवीच्या पिशवीत किती जमलंय. एवढं बघितलं की मग ठरवायचं आधी कोणाकडे जायचं.

आणि गडबड इथेच होते, कारण जास्त आवाज करणारा पेशंट जास्त सिरीयस असतोच असं नाही. जो ओरडतोय त्याचा श्वासमार्ग निदान उघडा तरी आहे! मला धास्ती असते ती सकाळी गप्पा मारत होता आणि आता भिंतीकडे तोंड करून पडलाय त्याची.

माझंच सांगते. एका नाईटला एक नातेवाईक बेडशीटवरून भांडायला लागले आणि मी अर्धा तास त्यांची समजूत काढत बसले. कोपऱ्यातल्या आजी एकदम शांत. चार्टवर श्वास बघितला तर 18, 18, 18. तिन्ही वेळेला 18 कसा काय? घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट मोजला तर 30 निघाला. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, तेव्हाही 94 टक्के दाखवत होतं म्हणून कोणाला काही वाटलं नव्हतं, पण शरीर जोरजोरात श्वास घेऊन तो आकडा टिकवून धरतं आणि दमलं की मग एकदम खाली येतं. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला 12 ते 20 असतो, 25 च्या पुढे गेला की तेवढ्यावरूनच डॉक्टरला बोलवायचं, बाकी सगळं नॉर्मल दिसत असलं तरी. आणि हो, त्या तीन 18 मधला एक माझ्या सहीचा होता.

मग मी काय केलं, तर आधी आजींना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. फोनवर "पेशंट बरा वाटत नाहीये" असं बोलायचं नाही, त्यावर समोरून "बघतो" एवढंच येतं. असं बोला: "सर, बेड 9, न्यूमोनियाचा पेशंट, श्वास 30, नाडी 118, दुपारपेक्षा गुंगीत वाटतायत, मला वाटतं बिघडतंय, तुम्ही आत्ता येऊन बघा." फोनवर ऑर्डर मिळाली तर लिहून घेऊन परत वाचून दाखवा. टाळाटाळ झाली तर दुसऱ्यांदा स्पष्ट सांगा, तरी नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन. राग येईल त्यांना, येऊ दे.

आजींना आयसीयूत हलवल्यावर मी चार्टवर खरा आकडा खऱ्या वेळेसकट लिहिला आणि जुन्या 18 ला हात लावला नाही. नंतर खाडाखोड करणं हे चुकीपेक्षा मोठं पाप आहे, असं माझं मत. माझी चूक आधी मी सिस्टर इन्चार्जना, म्हणजे वॉर्डच्या मुख्य नर्सना, सांगितली, मग 18 लिहिणाऱ्या ज्युनिअरला बाजूला घेऊन बोलले, सगळ्यांसमोर नाही. सगळ्यांसमोर झापलं की पुढची चूक तुमच्यापर्यंत येतच नाही, ती लपवली जाते, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

क्रम लावताना श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध हे डोक्यात ठेवाच. मग वेळेला बांधलेली कामं. शुगर 70 च्या खाली असेल आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर 15 ग्रॅम साखर द्या आणि 15 मिनिटांनी परत तपासा, गुंगीत असेल तर तोंडातून काही नाही, लगेच डॉक्टर. रक्त चढवायला लावलं की पहिली 15 मिनिटं तिथेच थांबायचं, रिअॅक्शन आली तर बऱ्याचदा तेव्हाच कळते. दुखण्याची गोळी मात्र "नंतर देऊ" मध्ये टाकू नका, वेदना हीसुद्धा घाई आहे. रजिस्टर थांबतं हो.

काम वाटून देताना नुसतं "बीपी बघ" म्हणू नका, "वरचं 100 च्या खाली आलं तर लगेच मला हाक मार" असं आकड्यासकट सांगा. मोजायचं काम देता येतं पण निर्णय देता येत नाही, तो तुमचाच. इन्सुलिन, हेपरिन (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध), पोटॅशियम असेल तर दुसऱ्या नर्सने स्वतः वेगळा हिशोब करायचा, तुमच्या हिशोबावर मान डोलवायची नाही. पोटॅशियम क्लोराईड तर डायरेक्ट पुश कधीच नाही, ते पातळ करून हळूहळूच, नाहीतर हृदय थांबू शकतं.

अजून एक, शुद्धीवरचा समजता-उमजता पेशंट इंजेक्शनला नको म्हणाला तर धरून टोचायचं नाही. का नको ते विचारा, डॉक्टरांना कळवा, लिहून ठेवा. अर्ध्या वेळा तर कारण एवढंच असतं की मागच्या वेळेला खूप दुखलं होतं.

सकाळी ओव्हर देताना ज्याची काळजी वाटतेय त्याच्यापासून सुरू करा, बेड नंबर 1 पासून नाही. मी तेव्हापासून एक वाक्य हमखास जोडते: "याचा श्वास दर तासाला, आणि मोजून."